गुडघ्यापाशी केलेली खूण

मुकुंद गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातात ब्रश होता. शनिवारची सकाळ होती, साडेदहाचा सुमार. आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक पर्गोला आहे, म्हणजे चार लाकडी खांब आणि वर पट्ट्यापट्ट्यांचं छत. त्यातल्या ओढ्याकडच्या खांबाला मी पांढऱ्या रंगाचा पहिला हात देत होतो. फोन अश्विनीचा होता, मुकुंदच्या बायकोचा. तो मी लगेच उचलला नाही. वाटलं, शिकवणी आटपून मुकुंदनेच तिच्या फोनवरून लावला असेल, आणि त्या क्षणी मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. कारण मी जे झाकत होतो ते त्याच्याच हातचं होतं, आणि दोनच दिवसांपूर्वी त्यावरून आमचं वाजलं होतं. पुन्हा रिंग आली तेव्हा उचलला. "संदीप, अरे मुकुंद..." एवढंच अश्विनी म्हणाली. मग त्यांची मुलगी इरा फोनवर आली. "काका, बाबा कोलॅप्स्ड इन हिज क्लास. दे ट्राइड एव्हरीथिंग... प्लीज कम." मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि निघालो. हॉस्पिटलात पोचल्यावर कधीतरी लक्षात आलं की माझ्या मनगटापर्यंत पांढरा रंग वाळलेला आहे. अश्विनी माझा हात धरून रडत होती आणि मला तो हात कुठे लपवावा हे कळत नव्हतं.

आज सात आठवडे झाले. शनिवारी सकाळी मुकुंद अकरावी-बारावीच्या मुलांची शिकवणी घ्यायचा. तिथेच, फळ्यासमोर, त्याला हार्ट अटॅक आला. तो बावन्न वर्षांचा होता. मुलं सांगत होती, सर तेव्हा नदी काढत होते. हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. मुकुंद नेहमी नदीच काढत असायचा.

आमची ओळख वीस वर्षांपूर्वीची, सिडनीतल्या गिरावीनची. तेव्हा आम्ही पाच जण एका भाड्याच्या घरात राहायचो. मी पुण्याहून आयटीच्या मास्टर्ससाठी आलेलो, बाकीचे तिघे असेच कुठून कुठून आलेले. मुकुंद आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, पण पहिल्याच दिवशी त्याने "अहो-जाहो केलंस तर भांडी तू घासायची" असं सांगून टाकलं. तो स्कॉलरशिपवर पीएचडी करत होता, आणि विषय ऐकून आम्ही सगळे गार झालो होतो. इंग्रजांच्या ताब्यातल्या जुन्या अमेरिकेत हवामान आणि जमीन यांच्यामुळे कुठे कोणता धंदा उभा राहिला! "पारनेरचा माणूस सिडनीत बसून तीनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेचा अभ्यास करतो, आणि आम्ही म्हणे भरकटलेलो," असं आमच्यातला एक जण त्याला रोज ऐकवायचा. मुकुंद चिडायचा नाही. "पारनेरचा आहे म्हणूनच करतो," म्हणायचा. "ढग सह्याद्रीवर अडतात, आमच्यापर्यंत येईतो रिकामे होतात. म्हणून आमच्याकडची निम्मी माणसं मुंबईत. मी लहानपणापासून हेच पाहत आलोय रे, फक्त देश बदललाय."

त्याचा प्रबंध मी स्वयंपाकघरात शिकलो. आठवड्यातून दोनदा खिचडीची पाळी त्याची असायची, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तो टेबलावर अमेरिका मांडायचा. पाण्याचा ग्लास म्हणजे अटलांटिक. वरच्या टोकाला मीठदाणी: हा उत्तरेचा भाग, जमीन दगडगोट्यांची, उन्हाळा आखूड, शेतात राबून पोटापुरतंच पिकायचं. मग माणसं समुद्राकडे वळली, कॉड मासे धरून वाळवू लागली, जंगलं तोडून जहाजं बांधू लागली, व्यापारी झाली. त्याखाली कणकेचा डबा: मधल्या वसाहती, खोल माती, बेताची थंडी, मोठ्या नद्या. तिथे गहू, पिठाच्या गिरण्या आणि गजबजलेली बंदरं. त्याखाली चहाचा डबा, तो तंबाखूचा. तिथल्या नद्या इतक्या खोल आणि इतक्या आतवर गेलेल्या की जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागायचं, म्हणून मोठी गावंच वाढली नाहीत. आणि टेबलाच्या अगदी कडेला, आमच्या खरकट्या ताटांजवळ, तांदळाची पिशवी. "हा खालचा दलदलीचा भाग," तो म्हणायचा आणि तिथे आल्यावर ती पिशवी उगीचच सरळ करत राहायचा. तेवढ्यात शिट्टी व्हायची.

पहिल्या वर्षी मी त्या घराच्या मागे भेंडी लावली, जूनमध्ये. जून आला की बी पडलं पाहिजे, हे माझ्या हाडात होतं. आईने फोनवर दुजोराही दिला. जून म्हणजे इथला भर हिवाळा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अंगात स्वेटर होता, तरी माझे हात बी टोचतच होते. सकाळी गवतावर पांढरं दव गोठायचं, आणि माझी रोपं, म्हणजे जी चार वर आली ती, आठवड्यात काळी पडली. मुकुंद हसून हसून पायरीवर बसला. मग त्याने सांगितलं की अमेरिकेत उतरलेल्या इंग्रजांनी अगदी हेच केलं होतं. नकाशावर आडवी रेघ ओढायची, त्या रेघेवर इकडे स्पेन किंवा इटली येते म्हणजे तिकडेही तीच हवा असणार, म्हणून द्राक्षं, ऑलिव्ह, रेशमाचे किडे यांची स्वप्नं बघायची. गेल्यावर हिवाळ्याने एकेकाला रडवलं. "आपण कुठेही गेलो की मागचं पंचांग खिशात घेऊन जातो," तो म्हणाला. "वेलकम टू द कॉलनी, मेट." त्या दिवसापासून मी काहीही मूर्खपणा केला की आमच्या घरात त्याला भेंडी म्हणायचे. पुढे माझ्या हातून खूप मोठी भेंडी व्हायची होती, पण ते नंतर.

त्याचा प्रबंध पूर्ण झाला नाही. लोक समजतात की पैसे संपले किंवा मन उडालं. मी तिथे होतो, म्हणून सांगतो. प्रबंध लिहून जवळपास झाला होता. तांदळाचं प्रकरण शेवटचं होतं. त्यात त्याने लिहिलं होतं की गरम हवा, भरपूर पाऊस आणि भरती-ओहोटीच्या नद्या यांमुळे त्या प्रदेशात भातशेती उभी राहिली. एके दिवशी तो युनिव्हर्सिटीतून आला तो थेट ते प्रकरण काढून पहिल्यापासून वाचत बसला. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी खिचडी परतता परतता म्हणाला, "अरे, ती दलदल उपसली कोणी? बांध घातले कोणी? आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी. त्यांतल्या कित्येकांना भात कसा करायचा ते आपल्या गावाकडून माहीत होतं, मालकांना नव्हतं. आणि त्यांना धरून आणलं कोणी? हवामानाने? मी तीनशे पानं लिहिलीयत आणि त्यात माणूसच नाहीये, नुसता पाऊस पडतोय." गाईडने समजावलं की आहे तसा देऊन टाक, पदवी घे, मग पुस्तकात काय ते लिही. मुकुंद म्हणाला, पुन्हा लिहायचाय. तेवढी मुदत नव्हती. स्कॉलरशिप संपली, व्हिसाची पळापळ सुरू झाली, त्याने शिक्षकाचा कोर्स केला आणि शाळेत लागला. मी तेव्हा त्याच्यावर खूप चिडलो होतो. इतकं ताणायचं काय कारण होतं, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर अगदी परवापरवापर्यंत वाटायचं.

शाळेत तो इतिहास शिकवायचा आणि शनिवारी शिकवणी. त्याची पद्धत ठरलेली. आधी नदी काढायची, मग डोंगर, मग पाऊस कुठून येतो त्याचे बाण, आणि सगळ्यात शेवटी माणसं. पण उत्तर लिहिताना माणसांशिवाय सुटका नाही. 'दक्षिणेत हवा उष्ण असल्यामुळे गुलामगिरी वाढली' असं कुणी लिहिलं की तो समासात लाल पेनने एकच शब्द लिहायचा: 'कोणी?' मराठी मुलांच्या वहीत मराठीत, बाकीच्यांच्या वहीत इंग्रजीत. माझी मुलगी त्याच्याकडे दोन वर्षं होती, तिच्या वह्या त्या लाल शब्दाने भरलेल्या आहेत. ती वैतागायची. "ही इज सो अनॉयिंग, बाबा. द क्वेश्चन इज अबाउट क्लायमेट!" मी मुकुंदला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "जमीन आणि पाणी एवढंच सांगतात की इथे काय काय होऊ शकतं. पुढचं कोणीतरी ठरवतं. आणि ठरवणारा नंतर म्हणतो, मी कुठे, हवाच तशी होती."

आता माझी मोठी भेंडी. दहा वर्षांपूर्वी आम्ही घर बांधायला प्लॉट शोधत होतो. सिडनीच्या वायव्येला, स्कोफिल्ड्सच्या पुढे एक नवी इस्टेट, म्हणजे प्लॉटची वसाहत, पडत होती. सेल्स ऑफिसात टेबलावर नकाशा, त्यावर लाल-हिरवे ठिपके, आणि भोवती आपलीच गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाइलवरचं होकायंत्र. दोन प्लॉट परवडण्यासारखे उरले होते. एक वर चढावावर, पण त्याचं दार दक्षिणेला. दुसरा खाली ओढ्याच्या बाजूला, दार अगदी चोख पूर्वेला. मी मुकुंदला बरोबर नेलं होतं. त्याने होकायंत्र काढलं नाही. नकाशावर बोट फिरवत त्याने त्या सेल्सवाल्या मुलीला विचारलं की पाणी कुठून कुठे जातं. ती गोड हसून म्हणाली, "नो वरीज, इट्स ऑल बीन टेकन केअर ऑफ." मुकुंद माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "कोणी घेतलीय केअर ते विचार हिला." मग आम्ही दोघे चालत खाली गेलो. त्याने ओढ्याकाठची झाडं दाखवली. खोडांवर एका उंचीपर्यंत वाळलेला गाळ होता, फांद्यांत गवताच्या काड्या अडकलेल्या होत्या. "वरचा घे," तो म्हणाला. मी पुण्याला बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, दक्षिणेचं दार म्हणजे यमाची दिशा, जाणूनबुजून कसं घ्यायचं? माझी बायको वृषालीही कचरली. आम्ही खालचा घेतला. वरचा प्लॉट दोन महिन्यांनी मुकुंदनेच घेतला. "इथे सूर्य उत्तरेकडून जातो, गार वारा दक्षिणेकडून येतो. यम आलाच तर नकाशा उलटा धरून येईल, चुकेल बिचारा," असं तो वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्यांना सांगत होता. आम्ही खूप हसलो.

तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा पाणी आलं. चार दिवस पाऊस लागून होता. ओढा मागच्या राखीव गवतावर पसरला, मग कुंपणाखालून आमच्या अंगणात. घोट्याइतकंच होतं. शाळा सुटल्यावर मुकुंद छत्री आणि काळा मार्कर घेऊन आला. पर्गोलाच्या खांबाशी वाकून त्याने रेघ मारली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं: 'घोटा'. मला ते बघून हसू आलं होतं. पुढच्या खेपेला 'पोटरी'. आणि मग ती मोठी खेप आली, जेव्हा अंगणात उभं राहणं अवघड झालं, गॅरेजची पायरी बुडाली आणि पाणी घराच्या ओट्याला टेकून थांबलं. मुकुंद वरून आमच्यासाठी वाळूच्या पिशव्या घेऊन आला होता. आम्ही दोघांनी त्या दारांशी रचल्या, वृषाली आतून टॉवेल देत होती. उतार पडल्यावर त्याने तिसरी रेघ मारली: 'गुडघा'. मी म्हटलं, "आता कमर लिहायला येऊ नकोस म्हणजे झालं." तो हसला नाही. "यायला लागेल," म्हणाला.

तेव्हापासून माझ्या घरात पाऊस हा शब्द सहज उच्चारला जात नाही. हे वाचणाऱ्यांना गंमत वाटेल, आपल्याकडे पावसाची वाट बघतात. मी ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली रडारचं अ‍ॅप उघडतो. निळा ढग हिरवा झाला, हिरवा पिवळा झाला की निमित्त काढून बाहेर येतो आणि घरी फोन लावतो. वृषालीने महत्त्वाचे कागद आणि देव वरच्या मजल्यावर नेले. देव पुन्हा खाली आलेच नाहीत. मुलीने एकदा बाहेरगावच्या सहलीहून फोन केला तो 'कशी आहेस आई' नाही, तर "इज द क्रीक ओके?" असा. शेवटी ठरवलं की विकायचं आणि केलीव्हिलला उंचावर एखादं लहान घर घ्यायचं. पण त्यासाठी हे घर चांगल्या भावाने जायला हवं. पाण्याची कथा कळली तर जाणार नाही, आणि गेलं नाही तर आम्ही इथेच, खांबाकडे बघत. कागदोपत्री अडचण नव्हती. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नकाशातली पुराची रेघ आमच्या कुंपणाच्या पलीकडेच संपते. एजंट अंगणात फिरला, खांबासमोर थांबला, वाकून बघितलं. मराठी त्याला येत नव्हतं, पण तारखा आणि रेघा कुणालाही कळतात. "अ कोट ऑफ पेंट विल फ्रेशन दॅट अप," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे.

त्या गुरुवारी आरव्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपार कलल्यावर, मुकुंद माझी शिडी परत द्यायला आला. रंगाचा डबा त्याने दारातच पाहिला. चहा होईपर्यंत तो मागच्या खिडकीतून अंगणाकडे बघत उभा राहिला. मग कपातला चहा हलवत म्हणाला, "तो खांब पण?"

"सगळेच. एजंट म्हणतो फ्रेश दिसतं."

"घ्यायला येणारे कोण?"

"जो येईल तो. आपलेच असणार, पूर्वेचं दार आहे. मुकुंद, आता लेक्चर नको. कायद्याने जे सांगावं लागतं ते सगळं कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. रेघ कुंपणाच्या पलीकडे आहे."

"रेघ पलीकडे आहे. पाणी अलीकडे आलं होतं."

"मग मी काय करू?" माझा आवाज चढला. "पाऊस मी पाडला का? ओढा मी खणला का? जागाच तशी आहे, त्याला मी काय करणार?"

 मुकुंदने चहा अर्धाच सोडला, कप स्वतः विसळला आणि रॅकवर उपडा ठेवला. गिरावीनपासूनची ती सवय, कुणाकडेही गेला तरी आपला कप तोच विसळणार. दाराशी चपला घालताना म्हणाला, "शिडीचा तिसरा दांडा हलतोय, जपून." हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडला नाही, त्या दिवशी ओरडला असता तर बरं झालं असतं... दोघं भांडलो असतो, दुसऱ्या दिवशी फोन करून मिटवलं असतं. त्याने मला माझ्याच वाक्याबरोबर सोडून दिलं. ते वाक्य त्याच्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर समासात काय आलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

अंत्यसंस्काराला त्याचे विद्यार्थी खूप आले होते. चहाच्या वेळी मागे दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, "घराचं दार दक्षिणेला होतं ना त्यांच्या. कितीदा सांगितलं होतं म्हणे लोकांनी." दुसरीने चुकचुक केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळून म्हणालो, "दाराचा काय संबंध? वडील त्याचे हार्टनेच गेले होते, आणि हा गोळ्या घ्यायचा कंटाळा करायचा!" सगळे बघायला लागले, वृषालीने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. तिला वाटलं मला दुःख अनावर झालंय. ते होतंच. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की हॉस्पिटलातून घरी येताना गाडीत, एक क्षणभर, तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मी, ज्याने पूर्वेचं दार घेऊन गुडघाभर पाणी घराच्या ओट्यापर्यंत आणायची वेळ आणली! मी त्या बायकांवर नाही, माझ्यावरच ओरडत होतो.

पुढचे आठवडे कसे गेले सांगता येत नाही. खांबाला एकच हात झालेला. वाळल्यावर त्या पांढऱ्यातून काळ्या रेघा पुसट दिसत राहिल्या. एजंट दोनदा म्हणाला की दुसरा हात मारून घ्या. मी डबा उघडायचो आणि झाकण लावून ठेवायचो. घर बघायला लोक येऊ लागले. दर शनिवारी अर्धा तास आम्ही बाहेर जायचो, गाडीत बसून रडार बघायचो. हवा कोरडी होती, आकाश निळंभोर. एजंट खूश. मी मनातल्या मनात हिशेब करायचो की आणखी तीन आठवडे पाऊस पडला नाही तर सुटलो, आणि मग मला माझीच घाण वाटायची. वृषालीला मी विचारलं, "सांगायला हवं का गं?"  ती म्हणाली, "सांगितलं तर आपण अडकलो. नाही सांगितलं तर... अश्विनीसमोर कोणत्या तोंडाने जाऊ मी?" आम्ही दोघांनी तो विषय तिथेच सोडला.

मग एक जोडपं दुसऱ्यांदा बघायला आलं. एजंटने आम्हाला घरीच थांबायला सांगितलं, कारण त्यांना बागेबद्दल विचारायचं होतं. तिशीच्या आतबाहेरचे, तो पुण्याचा, ती मुंबईची, दोघंही आयटीत, तिला सातवा महिना. आमच्या बैठकीतला आकाशकंदील बघून ती चक्क मराठीतच बोलायला लागली. "दार पूर्वेला आहे ना काका? आईबाबा येणारेत डिलिव्हरीला, त्यांनी एवढंच बघायला सांगितलंय." तिचा नवरा मोबाइलवर होकायंत्र उघडून दारात उभा होता, अगदी नीट काटकोनात, जसा मी उभा होतो. "परफेक्ट ईस्ट," तो खुशीत म्हणाला. "खालच्या खोलीत बाळाचं करू, इथून थेट बाग." खालची खोली म्हणजे ओट्याला लागून असलेली. एजंट माझ्याकडे बघून हसला.  मी पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि सिंकपाशी उभा राहिलो. रॅकवर मुकुंदने उपडा ठेवलेला कप अजून तसाच होता. सात आठवडे आम्ही दोघांनीही तो हलवला नव्हता, आणि त्याबद्दल एकमेकांना काही विचारलंही नव्हतं.

मी गॅरेजमधून सँडपेपर घेतला आणि मागच्या दाराने अंगणात गेलो. तो रंग काय, एकच हात होता, पाच-सात मिनिटांत निघाला. खाली बसून घासत होतो, गुडघे दुखत होते. मुकुंदचं अक्षर हळूहळू वर आलं: आधी 'घोटा', मग 'पोटरी', मग वरची रेघ. मार्करचा थोडा भाग रंगाबरोबर खरवडला गेला, त्यामुळे 'गुडघा'मधला 'गु' अर्धाच राहिलाय, पण तारीख शाबूत आहे. मागे पावलं वाजली. ती बाग बघायला एकटीच बाहेर आली होती, नवरा एजंटशी आत बोलत होता. तिने खांबाकडे पाहिलं, मग ओढ्याकडे, मग पुन्हा खांबाकडे. एक हात पोटावर ठेवून ती सावकाश वाकली आणि वरच्या रेघेपाशी बोट नेलं. ती रेघ तिच्या गुडघ्याच्या थोडी वरच येत होती.

"हे कोणी लिहिलंय?" तिने विचारलं.

"माझ्या मित्राने," मी म्हणालो. "पाणी इथपर्यंत आलं होतं. आणि हा रंग मी लावला होता."